पस्तीस कापले, एक सोडला

१

शुक्रवारी सकाळी ताईने आपल्या बूटदुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीतला खण ओढला, वरचं कार्ड उचललं आणि कार्डाच्या आरपार तिला स्वतःचाच अंगठा दिसला. मधोमध भोक होतं, नेमकं बुटाच्या आकाराचं. दुसरं उचललं तर तेही तसंच. तिसरं, चौथं, दहावं, सगळ्यांची तीच गत. तिने खाली बसून मोजली. छत्तीस कार्डांपैकी पस्तिसांमधला बूट कुणीतरी कापून नेला होता आणि एकच कार्ड धडधाकट होतं.

ही कार्डं तिच्या धाकट्या भावाची. जुने, गाजलेले, लोक जपून ठेवतात असे स्नीकर्स निवडून त्याने प्रत्येकाचं चित्र हाताने रंगवलं होतं. चित्र पुढे, गुण मागे कडेला: हलकेपणा इतका, टिकाऊपणा इतका, दुर्मिळपणा इतका, रुबाब इतका. दोघांनी समोरासमोर बसायचं, कार्ड टाकायचं, ज्याचे गुण जास्त त्याने दोन्ही न्यायची. मूळ चित्रं वहीच्या पानाएवढी होती. छापताना ती तळहाताएवढी व्हायची होती. छापखान्यात फोटो निघायचे होते शुक्रवारी दुपारी. तोवर एकाही चित्राची नक्कल नव्हती, कारण संच पुरा झाल्याशिवाय फोटो काढायचा नाही हा धाकट्याचा हट्ट.

हट्ट करायला तो पुन्हा लागला, याचंच ताईला अप्रूप होतं. त्याची कंपनी बंद पडली तेव्हापासून दोन वर्षं हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. कार्डांनी त्याला उठवलं. रविवारी संग्राहकांच्या मेळाव्यात चाळीस माणसांपुढे उभं राहून तो संच दाखवणार होता. ताईने त्याला फोन करून बोलावलं, त्याने भोकं पाहिली, एक कार्ड डोळ्यांसमोर धरून त्यातून खिडकीकडे बघितलं, आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

ताईचा राग गल्लीला ठाऊक होता. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावा असा राग. आता तिने तो आवाज न करता गिळला, तेव्हा तो जास्त वाईट होता. तिने ठरवलं, ज्याने हे केलं त्याचं सगळ्यात लाडकं काय ते शोधायचं आणि असंच कापायचं. क्षमा, समजूत, जाऊ दे वगैरे शब्द तिने त्या दिवसापुरते बाजूला ठेवले.

मग तिने कार्डं टेबलावर मांडली. काम कटरचं होतं, आणि कटर तर दुकानात पाच पडलेले. वरच्या बाजूने कापणी अशी की रंगाच्या रेषेला केसाइतकाही धक्का नाही. खाली मात्र घाई दिसत होती. सोलच्या खाली बोटभर जास्त कापलं होतं, तिथे लिहिलेल्या बुटांच्या नावांच्या शिरोरेघाही उडाल्या होत्या. ताईने तेवढं पाहिलं आणि सोडून दिलं. तिचं लक्ष त्या एका धडधाकट कार्डावर होतं. पहिल्या क्रमांकाचं कार्ड. लिंबू.

२

लिंबू म्हणजे पिवळ्या सोलचा पांढरा बूट. बावीस वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या कारखान्यात एकाच हंगामात निघाला आणि बंद झाला. आता संग्राहक त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात. शहरात त्याची एकच जोडी उरली होती, आणि ती ज्यांच्याकडे होती त्यांना सगळे खोकेवाले काका म्हणत, कारण त्यांच्या घरात पलंगाखाली, कपाटात आणि न्हाणीघराच्या माळ्यावरही बुटांची खोकीच होती.

ताईने वेळ जुळवली. गुरुवारी चार वाजता तिने स्वतः छत्तीस कार्डं खणात ठेवली. मग ती गोंद आणायला गेली. पाचला परतली, कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या घरी नेल्या. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. म्हणजे जे झालं ते त्या एका तासात. तेव्हा दुकानात आई बसली होती. आई तिथे ठिगळं कापून द्यायची. पंचवीस वर्षं बुटांच्या कारखान्यात कापणी केलेली बाई, घरी बसवत नाही म्हणून यायची.

आईने सांगितलं ते एवढंच: छापखानेवाले आले, आकडेबाज आला, खोकेवाले आले. तिघंही मागच्या खोलीत जाऊन आले. नंतर आपल्याला डुलकी लागली.

छापखानेवाले शाईने भरलेले हात पुसत बोलले. चार वाजून दहा मिनिटांनी कार्डांची मापं घ्यायला ते आले होते. धाकट्याने त्यांचे कागदाचे दोन नमुने नाकारले होते, त्याचा राग होता हे त्यांनी लपवलं नाही. पण निघताना कार्डं मोजून ठेवली, छत्तीसच्या छत्तीस शाबूत, असं ते छातीवर हात ठेवून म्हणाले. आणि काम हातचं गेलं तर त्यांचंच नुकसान.

आकडेबाज हा धाकट्याचा जुना मित्र. कार्डांमागचे गुण त्याने ठरवले होते आणि संचाच्या खोक्याच्या झाकणावर आपलंही नाव हवं म्हणून तो आठवडाभर रुसला होता. तो म्हणाला, सव्वाचारला दुरुस्त केलेली यादी ठेवायला गेलो, कार्डं चाळली, सगळी छान होती. नाव हवं होतं हे खरं. पण ज्यावर नाव हवं तेच कापून मी काय मिळवू? ताईला त्याचा मुद्दा पटला, आणि पटला म्हणून चीड आली.

उरले खोकेवाले काका.

३

काका खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. साडेचारला आलो, ते म्हणाले. लिंबूच्या सोलचा गोंद सुटत होता, म्हणून जोडी पिशवीत घालून तुझ्या आईच्या हातात दिली. तहान लागली होती, मागे जाऊन पाणी प्यायलो, निघालो.

ताईने खणाबद्दल विचारलं. काकांनी खण बघितलाही नव्हता म्हणे. मग तिने भोकांबद्दल सांगितलं. काकांनी मान हलवली, पण ताईच्या नजरेला ती मान पुरेशी हलली नाही.

"चित्रंच ती," काका म्हणाले. "पुन्हा काढेल. त्यांच्या जागी एखाद्या बुटाला काही झालं असतं तर वेगळी गोष्ट होती."

झालं. त्या एका वाक्याने ताईच्या डोक्यात सगळं जुळून आलं. काकांच्या संग्रहातले सहा बूट धाकट्याने कार्डांवर घेतले होते. त्यातल्या पाचांना रुबाबाचे गुण कमी पडले, म्हणून काकांनी महिनाभर तोंड फिरवलं होतं. सहावा लिंबू. त्याला सगळीकडे पैकीच्या पैकी. आता अपमान करणारी पाच गेली, सोबत बाकीची तीसही गेली, आणि कौतुक करणारं एकच वाचलं. शेवटी आत गेलेले कोण? काका. त्यांच्यानंतर आईला डुलकी. दोन आणि दोन चार व्हायला याहून काय लागतं?

ती दुकानात परतली. आई घरी जेवायला गेली होती. मांडणीवर पिशवी होती, पिशवीत लिंबू. ताईने जोडी बाहेर काढून टेबलावर ठेवली. तिच्या हातातून आजवर हजारभर बूट गेले होते आणि एकालाही तिने इजा केली नव्हती. तिने कटरला नवं पातं लावलं, डावा बूट मांडीवर घेतला आणि चवड्यापासून टाचेपर्यंत एका दमात उभा चिरला. मग उजवा. तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. भावाच्या बंद दाराची किंमत कुणीतरी दिली, असं तिला मनापासून वाटलं.

काकांना तिने निरोप पाठवला, जोडी उद्या संध्याकाळी घेऊन जा.

४

शनिवारी सकाळी एका धावपटूच्या बुटाचा फाटलेला पुढा बदलायचा होता. आईने जुना कागद घेतला, बूट त्यावर आडवा ठेवला आणि कडेकडेने कटर फिरवला. ताई शेजारी गोंद घोटत होती. आईचा हात वरच्या कडेने अगदी रेषेवरून गेला, आणि खालच्या कडेला आपोआप बोटभर बाहेर सरकला.

ताईचा हात थांबला.

"खाली जास्त का सोडलंस?" तिने विचारलं.

"सोडावंच लागतं. लाकडी पायाच्या फर्म्यावर चढवल्यावर वरचं कातडं तळाखाली ओढून घेतात ना. नाही सोडलं तर ओढणार काय?" आई कापता कापताच म्हणाली. "पंचवीस वर्षांत इतके कापले, आता हाताला वेगळं सांगावं लागत नाही."

ताईने गोंदाचा डबा खाली ठेवला. ती मागच्या खोलीत गेली, भोकांची कार्डं काढली, आणि काल ज्याला घाई समजली होती ते आता नीट पाहिलं. घाई असती तर एखाद्या कार्डावर असती, वाकडी असती. पस्तिसांच्या पस्तीस कार्डांवर वरची कड रेषेवर आणि खाली तेच बोटभर. कागदावरच्या चित्राला कुणी फर्म्यावर चढवणार नव्हतं. त्याला तळाखाली ओढायला काही लागणार नव्हतं. तरी त्या हाताने सोडलं, कारण त्याला बूट दुसऱ्या कुठल्या रीतीने कापताच येत नव्हता.

जो हिशेब कालच करायचा तो तिने आता केला. वर्तमानपत्रावर बूट काढला, कटर घेतला, घड्याळ लावलं. एका बुटाला तिला पाच मिनिटं लागली, आणि कड दातेरी झाली ती वेगळीच. काका साडेचारला आले, ती स्वतः पाचला परतली. मधल्या अर्ध्या तासात पस्तीस. म्हणजे एकाला मिनिटही नाही. हे काम छापखान्यातल्या माणसाचं नव्हतं, आकडे लिहिणाऱ्याचं नव्हतं, आणि बुटांना हात लावण्यापूर्वी हातमोजे घालणाऱ्या काकांचं तर नव्हतंच. दिवसाला शेकड्यांनी वरचे भाग कापलेल्या हाताचं होतं.

आणि डुलकी. ताईला आठवेना की तिच्या जन्मात आई कधी दिवसा झोपली होती.

फक्त एक गाठ सुटत नव्हती. लिंबू का सोडला?

५

आईने नाकबूल केलं नाही. ताईने दोन कार्डं तिच्यासमोर ठेवली, खालच्या कडेवर बोट ठेवलं, आणि आईने ते बोट बघून हातातला कटर मिटला.

"कापलेले कुठे आहेत?"

"चिंध्यांच्या पोत्यात. बारीक करून टाकले. पोतं काल सकाळी गेलं."

मग ती सांगत गेली. लिंबूचा पहिला नमुना तिने कापला होता. नमुना म्हणजे सांगितलेलं कापणं नव्हे. आकार तिचा, टाचेवरचा तिरका जोड तिचा. कारखान्याच्या साहेबांनी तो बघितला, उचलला, वर नेला, आणि महिन्याने मासिकात साहेबांचा फोटो आला. ती विचारायला गेली. दुसऱ्या आठवड्यात तिला कामावरून कमी केलं. मुलं तेव्हा शाळेत. तिने घरी सांगितलं की कारखान्यात माणसं कमी करतायत.

"याला मी सांगितलं होतं," आई म्हणाली. याला म्हणजे धाकट्याला. "कार्डामागे साहेबांचं नाव लिहिलं तेव्हा सांगितलं, की हा बूट माझा. हसला. म्हणाला, आई, बुटांच्या पुस्तकात तसं नाहीये. वर रविवारी संचाचं उद्घाटन करायला त्याच माणसाला बोलावलं. पहिलं कार्ड त्याच्या हातात देणार होता."

"म्हणून त्याचं दोन वर्षांतलं पहिलं काम कापलंस?"

"हो." आईचा आवाज चढला नाही की पडलाही नाही. "बावीस वर्षं मी कुणाचं काही वाकडं केलं नाही. गुरुवारी कटर हातात होता. पहिलं कार्ड घेतलं तर ते मला कापवेना. माझाच बूट तो. मग बाकीचे कापले."

तर लिंबू वाचला तो असा. काकांनी वाचवला म्हणून नव्हे. ताईला समोरच्या मांडणीकडे बघवेना, आणि नेमकं तेव्हाच आई म्हणाली, "खोकेवाल्यांची जोडी आहे ना अजून? पिशवी मी उघडली नव्हती. धीर झाला नाही. आता दाखव एकदा. बनल्यावर तो मी हातात घेतलाच नाही कधी."

ताईला खोटं बोलता आलं असतं. काका घेऊन गेले म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण पस्तीस भोकांसमोर बसून तिला खोटं सुचेना. तिने पिशवी आणली आणि चार अर्धुकं टेबलावर ठेवली.

आईने एक अर्धुक उचललं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरलं. "पुढून सुरुवात केलीस," ती म्हणाली. "टाचेपाशी थोडा दाब कमी पडला." आणि तिने ते अर्धुक छातीशी धरलं आणि रडली. ताईने तिला आजवर रडताना पाहिलं नव्हतं. जवळ जावं की जाऊ नये हे तिला कळेना, म्हणून ती उभीच राहिली. सूड तिने घेतला होता, ठरवल्याप्रमाणे घेतला होता, गुन्हेगाराच्या सगळ्यात लाडक्या गोष्टीवर घेतला होता. अगदी बरोबर जागी बसला होता तो.

६

संध्याकाळी काका आले. ताईने सगळं सांगितलं, स्वतःचं आधी. काकांनी अर्धुकं हातमोजे न घालता हातात घेतली. ओरडतील, पोलिसांकडे जातील, असं तिला वाटलं होतं आणि तिची त्याला तयारी होती.

"एक बूट तुझ्या दुकानाच्या काचेत लावायचा," ते म्हणाले. "असाच, कापलेला. आणि खाली लिहायचं की कुणी कापला. मी असेपर्यंत काढायचा नाही."

ताईने मान डोलावली. काकांनी दुसरा बूट घेतला, आतल्या बाजूने निरखला, आईला टाचेच्या जोडाबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि तो पिशवीत घालून निघून गेले.

धाकट्याला दाराबाहेरून सांगावं लागलं. आईने स्वतः सांगितलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं, तेव्हा तो आईकडे न बघता ताईला म्हणाला, "सगळी कार्डं आण. आणि काळी शाई."

रविवारी मेळाव्यात चाळीसच्या चाळीस माणसं होती. साहेब पहिल्या रांगेत, पांढऱ्या केसांचे, हसऱ्या चेहऱ्याचे. धाकटा उभा राहिला. त्याने पहिलं कार्ड साहेबांच्या हातात दिलं आणि मागची बाजू मोठ्याने वाचायची विनंती केली. साहेबांनी कार्ड उलटलं. त्यांचं नाव खोडलेलं होतं. खाली आईचं पूर्ण नाव होतं, आणि पुढे: पहिला नमुना, कापणी विभाग.

साहेब हसले. मुलाची काहीतरी गफलत झालीय, म्हणाले.

आई तिसऱ्या रांगेतून उठली. "टाचेला दोन तुकडे का आहेत, साहेब? एकात का नाही केली?"

साहेबांनी वेगाबद्दल, सौंदर्याबद्दल, त्या काळाच्या मागणीबद्दल सुरेख बोलून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या. आई थांबली, ते संपू दिलं.

"कातडी अरुंद आली होती," ती म्हणाली. "अख्खी टाच बसेना. उरलेल्या कडेतून दुसरा तुकडा आडवा काढला आणि जोड तिरका घेतला, म्हणजे ताण पडला तरी उसवू नये. आतून बघा. एकाचे तंतू उभे आहेत, दुसऱ्याचे आडवे."

"शिवलेल्या बुटाचं आतून कसं दिसणार?" साहेब म्हणाले.

खोकेवाले काका उठले, पिशवीतून कापलेला बूट काढला आणि साहेबांच्या मांडीवर ठेवला. उभे तंतू, आडवे तंतू, मध्ये तिरका जोड. शेजारच्या माणसाने वाकून पाहिलं, मग त्याच्या शेजारच्याने. साहेबांनी बूट खाली ठेवला, कार्ड त्यावर ठेवलं, आणि फोन आल्यासारखं करून ते उठले. ते परत आले नाहीत. ताईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

धाकट्याचं मात्र अजून संपलं नव्हतं. त्याने उरलेली पस्तीस कार्डं रांगांमधून फिरवायला दिली, भोकांसकट. लोक ती हातात घेत, भोकातून एकमेकांकडे बघत, मग मागची बाजू वाचत. प्रत्येकाच्या मागे, गुणांच्या खाली, काळ्या शाईत एकच ओळ होती. चित्र: धाकट्याचं नाव. कापलं: आईचं नाव.

वाचून झालं की प्रत्येक जण मान वर करून तिला शोधत होता.

धाकटा तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. दोन दिवसांत तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "नाव हवं होतं ना, आई?"

"हवं होतं," आई म्हणाली.

"मग बसू नकोस. सगळ्यांचं वाचून होऊ दे."

ती बसली नाही. पस्तिसावं कार्ड परत येईपर्यंत ती तिसऱ्या रांगेत उभी राहिली, आणि तोही तिच्या शेजारी उभा राहिला.